काळी तेवढीच तोडायची

लहान मुलांना फळं तोडायला न्यायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, कोणतं फळ? मोठ्यांना तो फारसा पडत नाही, कारण मोठ्यांचा हात कुठेही पोचतो. आंबा उतरवायचा तर झेला लागतो, शिवाय देठातून चीक उडतो आणि तो अंगावर पडला की कातडी भाजते. लिंबू-संत्र्याला काटे. स्ट्रॉबेरी जमिनीलगत, अगदी पोरांच्या हाताशी असते, म्हणून बहुतेकांना आधी तीच सुचते. पण त्या वाफ्यांवर सावलीचं नाव नसतं, आणि दोन ओळींमधून रोप न तुडवता चाल असं तीन वर्षांच्या मुलाला सांगून काही उपयोग नसतो.

मी तुती निवडली. झाडाला काटे नाहीत, फळात आठळी नाही, तोडायला कात्री नको. फांद्या वाकून मुलांच्या डोक्यापर्यंत येतात. आणि भर उन्हाळ्यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे फळ जिथे लागतं तिथेच सावली असते. तुतीत खोट एकच, डाग. त्याचं पुढे सांगते.

पलटण तिघांची होती. माझा थोरला सात वर्षांचा, धाकटीला तिसरं संपत आलेलं आणि ताईचा मुलगा पाचाचा. मोठ्या माणसांत ताई आणि मी. तीन मुलांमागे दोन मोठी माणसं हे प्रमाण मला किमान वाटतं. एकीने झाडाखाली थांबायचं आणि दुसरीने ज्याला शू लागली आहे त्याच्याबरोबर पळायचं. आणि शू कोणाला ना कोणाला लागलेलीच असते.

आदल्या दिवशी बागेच्या मालकांना फोन केला. पाणी आहे का, संडास आहे का, गाडी कुठपर्यंत येते, हे सगळं विचारलंच; पण खरा प्रश्न होता फवारणीचा. मुलं टोपलीत टाकण्याआधी तोंडात टाकणार हे उघड आहे. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही हे औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, तेव्हा बागवाल्याला हा प्रश्न नवा नसतो. यांनी सरळ सांगितलं, "त्या चार ओळींत फळ धरल्यापासून काहीच मारलेलं नाही, तुमची पोरं तिकडेच सोडा. पण येणार असाल तर सकाळी लवकर या. दहानंतर मी कुणाला लहान मुलांसकट आत घेत नाही." हे ऐकून मला बरं वाटलं. दहा ते चार या वेळात ऊन सर्वांत कडक असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी "अजून थोडं" म्हणणारे आपणच असतो. दारावरच कोणी अडवलं तर सुटका होते.

लवकर जाण्यात फळाचाही फायदा असतो. रात्रभर गार झालेलं फळ पहाटे तोडलं तर घट्ट राहतं आणि जास्त टिकतं. उन्हात तापलेलं फळ तोडल्यावरही आतून गरमच असतं, आणि टोपलीच्या तळाशी त्याचा लगदा होतो.

निघताना कपड्यांवरून ताईचं आणि माझं वाजलं. तिने भाच्याला पांढरा शर्ट घातला होता. "उन्हात पांढरंच बरं, तापत नाही," तिचं म्हणणं. ते खरंच आहे. पण तुतीला जाताना? शेवटी तिघांनाही जुने, विटलेले, पातळ सुती पूर्ण बाह्यांचे कपडे घातले, जे परत आल्यावर पायपुसणं झाले तरी चालतील असे. पायात बंद बूट, कारण झाडाखाली मुंग्या असतात आणि पडक्या फळांवर गांधीलमाशा बसतात. टोप्या रुंद कडेच्या. नुसती पुढे चोच असलेल्या टोपीत मानेचा मागचा भाग आणि कान उघडे पडतात, आणि मुलांचं तेच आधी लालबुंद होतं. सनस्क्रीन घरीच लावलं, निघायच्या वीसेक मिनिटं आधी. बागेत पोचल्यावर लावायला घेतलं तर मुलं धरून ठेवता येत नाहीत. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मी म्हणेन बाळाला आणूच नका. त्या वयात सनस्क्रीनचा भरवसा नको, सावलीचाच हवा.

टोपल्यांचंही सांगायला हवं. मोठी टोपली एकही नेली नाही. प्रत्येकाला छोटा, उथळ, कडीचा डबा दिला. छोटा डबा लवकर भरतो, आणि भरलेला डबा मुलाला दाखवायला हवा असतो. शिवाय तुती इतकी मऊ असते की तिच्यावर तिचेच चार थर चढले की खालचा थर रस सोडतो.

बागेत पोचलो तेव्हा ऊन तिरपंच होतं, पण हवा कोंदटायला लागली होती. मालकांचे वडील झाडाखाली बाज टाकून बसले होते. मुलांनी त्यांना लगेच आजोबा करून टाकलं. मी माझ्या परीने मुलांना शिकवायला सुरुवात केली होती, हिरवी नको, लाल नको, काळी घ्या, वगैरे. आजोबांनी ऐकून घेतलं, मग उठून एक फांदी खाली ओढून धरली आणि म्हणाले, "बोट लावा. नुसतं बोट. हातात आली ती तुमची. ओढावी लागली ती झाडाची."

ते किती नेमकं आहे हे पुढच्या पाच मिनिटांत कळलं. पूर्ण पिकलेली तुती खरोखरच बोट लागताच सुटते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये हलकेच धरायची आणि किंचित वळवायची, बस. तिचा हिरवा देठ तिच्याबरोबरच येतो, बारीक, सुताएवढा. लाल तुती मात्र फांदीला चिकटून राहते. ओढली तर पानासकट येते, आणि तोडलेल्या जागी दुधासारखा चीक दिसतो. कच्च्या तुतीने पोट बिघडतं आणि चिकाने कोणाकोणाची कातडी खाजते, त्यामुळे "ओढायची नाही" हा नियम मुलांच्या भल्याचाही होता. एकाच फांदीवर हिरवी, गुलाबी, लाल, जांभळी, काळी अशी सगळी असतात; आज काळी घेतली की तीनचार दिवसांनी लालमधली काही काळी होतात. सगळं झाड एका दिवशी ओरबाडायची सोयच नाही.

मुलांना तोडायला शिकवावं लागत नाही, ते त्यांना जन्मतःच येतं. हात आवरायला शिकवावं लागतं, आणि ते तिघांना तीन तऱ्हांनी.

थोरल्याला हिशेब आवडतो. तो सुरुवातीला मोजत होता, मग मोजणी चुकली म्हणून चिडला, मग डबा रिकामा करून पुन्हा मोजायला लागला. त्याच्या हाती भिंग दिलं. "एक तुती नीट बघ, किती मणी आहेत ते सांग." तुतीचा प्रत्येक मणी म्हणजे एका वेगळ्या छोट्या फुलाचं फळ, आपण जिला एक तुती म्हणतो ती सगळी फुलोऱ्याची वसाहत असते. मण्याच्या टोकाला फुलाच्या जुन्या कुक्षीचा, म्हणजे परागकण झेलणाऱ्या भागाचा, केसासारखा धागा भिंगाखाली दिसतोसुद्धा. रासबेरी दिसायला अशीच, पण तिच्यात सगळे मणी एकाच फुलाचे. हे ऐकल्यावर त्याने डबा खाली ठेवला. मग त्याला नर फुलांची गोष्ट सांगितली. पांढऱ्या तुतीची नर फुलं परागकण फेकतात तो वेग आवाजाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त असतो. २००६ साली शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपलं होतं. "म्हणजे बंदुकीसारखं?" असं विचारून तो झाडावर फुलं शोधायला लागला. फळांच्या दिवसांत फुलं कुठून असणार, पण त्याची पंधरा मिनिटं सावलीत, शांतपणे आणि एका जागी गेली. उन्हाच्या सकाळी याहून जास्त काय हवं?

भाच्याचा प्रश्न वेगळा. त्याच्या मनगटावर मुंगी चढली आणि त्याने डबा फेकून दिला. पुढे कितीतरी वेळ तो फांदीला हातच लावेना. ताई त्याला "अरे काही करत नाही ती" म्हणत राहिली, ज्याचा उपयोग कधीच होत नाही. आजोबांनी त्याला चादरीचं काम दिलं. झाडाखाली जुनी चादर पसरायची, दोघांनी तिची टोकं धरायची आणि मोठ्या माणसाने वरची फांदी हलकेच हलवायची. पिकलेली तेवढी टपटप पडतात, कच्ची जागची हलत नाहीत. बोट लावून बघण्याचाच हा प्रकार, पण एका वेळी शंभर फळांना. भाच्याला टोक धरायला मिळालं, वरून पाऊस पडल्यागत फळं आली आणि मुंगी विसरली गेली. चादरीवरचं निवडायचं कामही त्यानेच केलं. पानं, काड्या, किडे वेगळे काढायला पाच वर्षांची बोटं अगदी योग्य असतात. अशा झाडलेल्या तुतीला मात्र मार बसतो, ती त्याच दिवशी संपवावी लागते.

धाकटी? तिने डब्यात मोजून काही टाकलं असेल तर देव जाणे. ती खात होती. एक खायची, एक मला भरवायची, एक डब्यात टाकून लगेच परत काढायची. मी तिला अडवलं नाही. तिला फक्त दोन गोष्टी सांगितल्या होत्या: खाताना चालायचं नाही, आणि प्रत्येक तुती आधी मला दाखवायची. खाली बसून खाणं हा नियम मी सगळ्याच फळांना लावते. तुती मऊ, तिची भीती कमी. पण द्राक्षं किंवा चेरी असती तर या वयाच्या मुलाला सबंध फळ मी दिलंच नसतं. घशात अडकायला नेमका तोच आकार लागतो. द्राक्ष उभं चिरून, चेरीतली आठळी काढून, मगच. आणि दाखवायच्या निमित्ताने ती स्वतः रंग ओळखायला लागली. "ही काळी?" "नाही, ही लाल." "मग झाडाची," असं म्हणून तिने ती पुन्हा फांदीला चिकटवायचा प्रयत्न केला.

आता उन्हाचं. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळं चुकलं तर फळं कमी मिळतात एवढंच होतं.

लहान मुलांचं अंग वजनाच्या मानाने पसरट असतं, म्हणजे बाहेरची उष्णता त्यांच्या अंगात आपल्यापेक्षा वेगाने शिरते. आणि त्यांना घामही कमी येतो. त्यातून खेळात असली की तहान लागल्याचं सांगत नाहीत. म्हणून "पाणी हवंय का?" हे विचारायचंच नाही, उत्तर "नको" असंच येतं. मी मोबाइलवर दर वीस मिनिटांनी वाजेल असा गजर लावला होता. तो वाजला की सगळ्यांनी, मोठ्यांनीसुद्धा, सावलीत बसून चार घोट प्यायचे. गजर यंत्राचा असल्यामुळे कोणी माझ्याशी वाद घातला नाही. थोरल्याने तर गजर वाजला की इतरांना हाकारायचं काम अंगावर घेतलं.

लक्ष ठेवायचं ते रडक्या मुलावर नाही, गप्प झालेल्या मुलावर. नऊच्या सुमाराला चादरीचं काम संपल्यावर भाचा बाजेजवळ येऊन बसला. काही मागत नव्हता, भांडत नव्हता. गाल लाल, केस टाळूला चिकटलेले. ताईने त्याला उचलून दाट सावलीत घेतलं, बूट-मोजे काढले, शर्टाची बटणं सोडली. मी मान, काखा आणि पाय ओल्या फडक्याने पुसले आणि टोपीने वारा घातला. ओआरएस तयारच होतं, घरून करून आणलेलं, कारण त्याचं माप बागेत सांभाळता येत नाही. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर सगळं पाकीट एक लिटरमध्येच घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं तर क्षार-साखरेचं प्रमाण बिघडतं आणि ते अपायही करू शकतं. चमच्या-चमच्याने पाजलं. दहा-बारा मिनिटांत त्याने "माझा डबा कोणी घेतला?" असं विचारलं आणि ताईच्या तोंडावरचा ताण उतरला. थोड्या वेळाने त्याला शू झाली, तिचा रंग फिका आहे हेही तिने बघून घेतलं. गडद पिवळी असती तर पाणी कमी पडलंय असं समजायचं. मूल बरळायला लागलं, उलट्या थांबत नसल्या, झोपेतून नीट जागं होत नसलं, अंग भट्टीसारखं तापलं असलं, तर मात्र फडकी आणि ओआरएस यांवर भागवायचं नाही. अंग गार करत करत दवाखाना गाठायचा.

तो बरा झाला तरी आम्ही तिथेच आवरतं घेतलं. दहा वाजायला अजून अवकाश होता. थोरल्याने अर्थातच तंडायला सुरुवात केली. "माझा डबा भरला नाही. अजून एकच झाड. त्याच्यामुळे आपण का जायचं?" हा शेवटचा प्रश्न अवघड. ताई ऐकत होती, भाचाही ऐकत होता. मी म्हटलं, "त्याच्यामुळे नाही, उन्हामुळे. आणि तुझा डबा भरायला किती कमी आहे? दोन मुठी? चादरीवरचं घे." ते त्याने घेतलं खरं, पण "ते मी तोडलेलं नाही," असं बजावून. बरोबरच होतं त्याचं.

आजोबांनी डबे एकेक करून तराजूवर ठेवले, मुलांना काटा वाचायला लावला आणि धाकटीच्या जवळजवळ रिकाम्या डब्याकडे बघून म्हणाले, "हिला पोटासकट तोलायला हवं होतं." खाल्लेल्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत. अशा बागांत खाण्यापुरतं चालतं का, हे निघताना नाही, शिरतानाच विचारून ठेवावं.

गाडी सावलीत लावली होती, तरी आधी चारी दारं उघडून ठेवली. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी सहज चढतं. मुलांच्या आसनाच्या पट्ट्याचं धातूचं कुलूप तर उन्हात चटका देण्याइतकं तापतं, म्हणून त्यावर येतानाच टॉवेल टाकून ठेवला होता. फळं पायाशी, सावलीच्या बाजूला. मुलं बसवली आणि वळणावर पोचण्याआधी दोघं झोपली.

घरी आल्यावर पहिला मोह सगळं धुऊन ठेवण्याचा होतो. तुती धुऊन ठेवली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर बुरशी येते. खायची तेवढीच, खायच्या वेळी धुवायची. बाकीची ताटात एका थरात पसरून फ्रिजमध्ये ठेवली. जास्त झाली असतील तर ताट तसंच फ्रीझरमध्ये ठेवायचं, फळं कडक झाली की मग पिशवीत भरायची. मग ती एकमेकांना चिकटत नाहीत. देठ काढत बसू नका. कात्रीने एकेक कापायला जावं तर फळ फुटतं, आणि देठ खाल्ला गेला तरी काही होत नाही.

राहिले डाग. तुतीच्या काळ्या-जांभळ्या रंगात अँथोसायनिन असतं. ते आंबटात लाल दिसतं आणि साबणासारख्या क्षारीय, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाच्या, पदार्थात निळसर होतं. थोरल्याने साबणाने हात चोळले आणि निळ्या तळव्यांकडे बघून किंचाळला. मग मी त्याच्या एका हातावर लिंबू पिळलं, तो लाल झाला. पुढचा अर्धा तास बाथरूममधून कोणी बाहेर आलं नाही. डाग जातो तो लिंबाने, किंवा जुने लोक करत तसा लालसर कच्ची तुती चोळून, कारण तीही आंबटच. आजोबांनी निघताना मूठभर लाल तुती त्याचसाठी दिल्या होत्या. हात बऱ्यापैकी निघाले. कपडे निघाले नाहीत. कापडावरचा डाग ओला असतानाच गार पाण्यात घालायला हवा. वाळला की बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन. आवाज घाबरा.

"अगं, ह्याची शी काळी झालीय! कालचं ऊन तर नाही ना?"

"खेळतोय का?"

"उड्या मारतोय."

"किती खाल्ली होती त्याने?"

ताई जरा थांबली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून तिने विचारलं, आणि मला पलीकडून भाच्याचा आवाज ऐकू आला, "चादरीवरची सगळी!"